एकेक फाइल, एकेक निकाल : टेस्टिंग फ्रेमवर्कची आवृत्ती बदलल्यानंतरची तपासणी

सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिण्यासाठी आणि चालवण्यासाठी जी तयार साधने वापरतात, त्यांना टेस्टिंग फ्रेमवर्क म्हणतात. जावासाठी जेयुनिट, पायथॉनसाठी पायटेस्ट, रूबीसाठी आरस्पेक, जावास्क्रिप्टसाठी जेस्ट ही त्यांतली प्रसिद्ध नावे. अशा फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवली की बरेचदा मूळ कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नसताना काल पास होणाऱ्या चाचण्या आज नापास होऊ लागतात. कधी सगळा संच पास होतो, पण त्यातली एखादी फाइल एकटी चालवली की एरर येते. कधी नेमके उलटे घडते. अशा वेळी पूर्ण संच पुन्हा पुन्हा चालवून फारसे काही हाती लागत नाही. एकेक फाइल सुटी करून, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांत चालवून पाहिली, की दोष फ्रेमवर्कच्या बदलात आहे की चाचणीत आधीपासूनच दडलेला होता, याचा उलगडा होतो.

चाचणी चालते तेव्हा काय घडते

आजच्या बहुतेक फ्रेमवर्कचे मूळ केंट बेक यांनी १९९० च्या दशकात स्मॉलटॉक भाषेसाठी लिहिलेल्या एसयुनिटमध्ये आहे. १९९७ साली झुरिक ते अटलांटा या विमानप्रवासात बेक आणि एरिक गामा यांनी त्याच धर्तीवर जावासाठी जेयुनिट लिहायला घेतले. आधी तयारी, मग तपासणी, शेवटी आवराआवर हा तिथला क्रम पुढे जवळपास प्रत्येक भाषेने उचलला. एका चाचणीचा दुसरीवर परिणाम होऊ नये, हे तत्त्वही तिथूनच आले. म्हणूनच जेयुनिट प्रत्येक चाचणी-मेथडसाठी त्या वर्गाचे नवे ऑब्जेक्ट तयार करते.

पायटेस्टची वाट थोडी निराळी आहे. होल्गर क्रेकेल यांनी पायपाय या प्रकल्पाच्या गरजेतून ते घडवायला सुरुवात केली. त्यात चाचणीसाठी वर्गाची सक्ती नाही, साधे फंक्शन पुरते. पायटेस्टचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ते फोल्डर धुंडाळते, चाचण्यांच्या फाइली ओळखते, त्या सगळ्या वाचते आणि त्यांतल्या चाचण्यांची यादी करते. फाइलचे नाव ‘टेस्ट_’ने सुरू होणारे किंवा ‘_टेस्ट’ने संपणारे असावे, फंक्शनचे नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावे, असे त्याचे ओळखीचे नियम आहेत. यादी पूर्ण झाल्यावरच दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात एकेका चाचणीसाठी लागणारी तयारी, म्हणजे फिक्स्चर, उभी केली जाते, चाचणी चालते आणि तयारी मोडून ठेवली जाते.

पहिल्या टप्प्यात सगळ्या फाइली एकाच प्रोसेसमध्ये वाचल्या जातात, ही बाब फार महत्त्वाची आहे. एका फाइलने एखादे मॉड्यूल मागवले की ते त्या प्रोसेसमधल्या सगळ्यांसाठी हजर होते. एका चाचणीने पर्यावरणातले चल, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, बदलले आणि पूर्ववत केले नाही तर तो बदल पुढच्या प्रत्येक चाचणीला दिसतो. ग्लोबल चले, चालू फोल्डर, डेटाबेसमधल्या नोंदी, तात्पुरत्या फाइली यांचेही तसेच. स्वतंत्रतेचे तत्त्व फ्रेमवर्क मानते, पण एका प्रोसेसमध्ये राहणाऱ्या गोष्टींवर त्याचे पूर्ण नियंत्रण नसते.

एकटी फाइल वेगळी का वागते

पायटेस्टला कमांडपुढे फाइलचा मार्ग दिला की ते फक्त तेवढीच फाइल वाचते. फाइलच्या मार्गानंतर दोन अपूर्णविरामांची जोडी लावून वर्गाचे आणि फंक्शनचे नाव दिले, तर एकच चाचणीही चालवता येते. शोधाचा टप्पा असा आटोपशीर झाल्यामुळे तीन गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट नियमांची. एखादी फाइल नावानिशी मागितली, तर तिचे नाव ओळखीच्या नियमात बसत नसले तरी पायटेस्ट ती घेते. चाचण्या कुठे शोधायच्या याची फोल्डरे सेटिंग्जमध्ये लिहून ठेवलेली असली, तरी तीही फक्त कमांडपुढे काहीच दिले नसेल तेव्हा विचारात घेतली जातात. त्यामुळे एकट्याने व्यवस्थित चालणारी फाइल पूर्ण संचात मुळात सामीलच नसते, असेही घडू शकते.

दुसरी गोष्ट ‘कॉन्फटेस्ट’ नावाच्या फाइलींची. फोल्डरातल्या सगळ्या चाचण्यांसाठी सामाईक फिक्स्चर या फाइलीत ठेवतात. एक फाइल चालवताना तिच्या फोल्डरातली आणि वरच्या फोल्डरांतली कॉन्फटेस्ट वाचली जाते, शेजारच्या फोल्डरातली वाचली जात नाही. शेजारच्या फिक्स्चरवर हक्क तसाही नसतो. पण शेजारची कॉन्फटेस्ट वाचताना एखादे चल बदलले जात असेल, तर पूर्ण संचात त्या बदलाचा फायदा नकळत मिळत राहतो आणि एकट्या फाइलला तो मिळत नाही. याची उलट बाजूही आहे. आतल्या फोल्डरातल्या कॉन्फटेस्टमध्ये कमांडचा नवा पर्याय जोडला असेल, तर त्या फोल्डरातली फाइल एकटी चालवताना तो ओळखला जातो. पूर्ण संच वरून चालवताना मात्र असा पर्याय माहीत नाही म्हणून कमांड सुरुवातीलाच थांबते. म्हणून असे पर्याय सर्वांत वरच्या कॉन्फटेस्टमध्येच ठेवायचे असतात.

तिसरी गोष्ट उसनवारीची, आणि सर्वांत जास्त दोष इथेच सापडतात. दुकानाच्या बिलांचा एक छोटा प्रकल्प घेऊ. बिल ग्राहकाला ई-मेलने पाठवणाऱ्या मॉड्यूलमध्ये वर ‘इम्पोर्ट ईमेल’ एवढीच ओळ आहे आणि खाली ‘ईमेल.माइम.टेक्स्ट’ हा त्या पॅकेजच्या आतला भाग वापरला आहे. पायथॉनमध्ये वरचे पॅकेज मागवले म्हणजे आतले भाग आपोआप येतातच असे नाही. ‘टेस्ट_बिल.पीवाय’ एकटी चालवली की ईमेल मॉड्यूलमध्ये ‘माइम’ नावाचे काही नाही, अशा अर्थाची ॲट्रिब्यूट एरर येते. पूर्ण संचात मात्र ‘टेस्ट_ग्राहक.पीवाय’ या दुसऱ्या फाइलने ‘ईमेल.माइम.टेक्स्ट’ रीतसर मागवलेले असते. पायटेस्ट सगळ्या फाइली आधी वाचते आणि मग चाचण्या चालवते. त्यामुळे ‘टेस्ट_ग्राहक’ यादीत मागे असली तरी तिने आणलेले मॉड्यूल ‘टेस्ट_बिल’ला आयते मिळते आणि सगळे हिरवे दिसते. इथे दोष चाचणीत नाही, मूळ कोडमध्ये आहे. तो कोड प्रत्यक्ष वापरात दुसऱ्या कुणी ते मॉड्यूल आणले नसताना चालला, तर ग्राहकाला बिल जाणारच नाही. पूर्ण संचाने झाकलेली ही चूक एकट्या फाइलने उघडी पाडली.

चार धावा आणि त्यांचा अर्थ

नव्या आवृत्तीनंतर एखादी फाइल नापास झाली, की तिचे चार निकाल गोळा करावेत : जुन्या आवृत्तीत एकटी, जुन्या आवृत्तीत पूर्ण संचात, नव्या आवृत्तीत एकटी, नव्या आवृत्तीत पूर्ण संचात. पायथॉनमध्ये यासाठी दोन वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करतात. त्याची सोय २०१२ साली आलेल्या पायथॉन ३.३ पासून भाषेसोबतच मिळते. एकात जुने फ्रेमवर्क, दुसऱ्यात नवे, आणि बाकीची सर्व पॅकेजे शक्य तितकी तीच ठेवायची. फ्रेमवर्कसोबत आणखी दहा पॅकेजे बदलली, तर कोणत्या बदलाने काय मोडले हे सांगता येत नाही.

जुन्या आवृत्तीत एकटी आणि संचात, दोन्ही वेळा पास, आणि नव्या आवृत्तीत दोन्ही वेळा नापास, असा निकाल आला तर फ्रेमवर्कचा नियम बदलला आहे. अशा वेळी बदलांची अधिकृत यादी वाचून चाचणीत दुरुस्ती करायची.

जुन्या आवृत्तीत संचात पास पण एकटी नापास, आणि नव्या आवृत्तीत दोन्हीकडे नापास, असे असेल तर दोष जुना आहे. ही फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी आधारावर उभी होती. नव्या आवृत्तीने क्रम किंवा वाचण्याची रीत बदलली आणि तो आधार गेला. इथे फ्रेमवर्कला बोल लावून जुन्या आवृत्तीकडे परतणे म्हणजे दोष पुन्हा झाकणे.

नव्या आवृत्तीत एकटी पास पण संचात नापास असेल, तर दुसरी एखादी फाइल मागे कचरा ठेवून जाते आहे, किंवा दोन फाइली एकमेकींच्या आड येत आहेत. नव्या आवृत्तीत एकटी नापास पण संचात पास असेल, तर उसनवारी अजून चालू आहे. आज संच हिरवा असला तरी फाइलींचा क्रम पुढे कधीही बदलू शकतो.

पहिल्या दोन प्रकारांत नव्या आवृत्तीचे निकाल अगदी सारखे असतात : दोन्हीकडे नापास. फरक कळतो तो फक्त जुन्या आवृत्तीतल्या एकट्या धावेवरून. म्हणूनच आवृत्ती बदलण्याआधीच प्रत्येक फाइल एकटी चालवून निकाल नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात ही धाव सर्वांत जास्त वेळा टाळली जाते.

एकमेकींवर विसंबणाऱ्या चाचण्यांचा संशोधकांनीही अभ्यास केला आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात अशा चाचण्यांचे दोन गट केले. एकटी पास होणारी पण दुसरीच्या मागे चालली की नापास होणारी चाचणी बळी पडलेली. एकटी नापास होणारी पण दुसरीच्या मागे चालली की पास होणारी चाचणी ठिसूळ. पहिल्या गटात खोड काढायची असते ती कचरा करणाऱ्या दुसऱ्या चाचणीची. दुसऱ्या गटात उणीव असते ती त्याच चाचणीच्या स्वतःच्या तयारीची.

पायटेस्ट ७ ते ८ : तीन बदल जवळून

पायटेस्टची आठवी आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. एकेक फाइल चालवण्याशी थेट संबंध असलेले तीन बदल तिच्यात आहेत.

पहिला बदल क्रमाचा. सातव्या आवृत्तीपर्यंत एका फोल्डरातल्या फाइली आधी घेतल्या जात आणि आतली फोल्डरे नंतर. आठव्या आवृत्तीपासून फाइली आणि फोल्डरे एकत्रच वर्णक्रमाने घेतली जातात. बिलांच्या प्रकल्पात ‘टेस्ट_बिल.पीवाय’ ही फाइल आहे आणि तिच्याच शेजारी ‘एपीआय’ नावाचे फोल्डर आहे. रोमन वर्णक्रमात फोल्डरचे नाव आधी येते. सातव्या आवृत्तीत ‘टेस्ट_बिल’ आधी चालायची आणि एपीआय फोल्डरातल्या चाचण्या नंतर. ‘टेस्ट_बिल’मधल्या एका चाचणीने चलनाचे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल रुपयावर नेमले आणि तसेच सोडून दिले. एपीआयमधली दर तपासणारी चाचणी त्याच रुपयावर विसंबून होती. आठव्या आवृत्तीत एपीआय आधी चालते, चल रिकामे मिळते आणि चाचणी नापास होते. त्या चाचणीची फाइल सातव्या आवृत्तीत एकटी चालवली तर तिथेही नापासच होते, म्हणजे पाणी आधीपासूनच मुरत होते. दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. दर तपासणाऱ्या चाचणीने आपले चलन स्वतः नेमायचे, आणि दोन्ही फाइलींनी चल बदलताना पायटेस्टच्या ‘मंकीपॅच’ या फिक्स्चरचा वापर करायचा. मंकीपॅच चाचणी संपताच चल पूर्वीच्या स्थितीत आणून ठेवते.

दुसरा बदल नोज या जुन्या फ्रेमवर्कसंबंधी आहे. नोजमध्ये वर्गातल्या तयारीच्या मेथडला नुसते ‘सेटअप’ म्हणत. पायटेस्टने ही पद्धत बरीच वर्षे चालू दिली, ७.२ मध्ये ती मोडीत निघणार असल्याची सूचना द्यायला सुरुवात केली आणि ८.० मध्ये तिचा आधार काढून घेतला. पायटेस्टची स्वतःची मेथड ‘सेटअप_मेथड’ या नावाची आहे. आठव्या आवृत्तीत नुसती ‘सेटअप’ नावाची मेथड कुणी बोलावतच नाही. ती नाही बोलावली म्हणून एररही येत नाही. एरर येते ती पुढे, चाचणी सुरू झाल्यावर, तयारीत बनायला हवी होती ती वस्तू सापडत नाही म्हणून. संदेश वाचून मूळ कोड बिघडला असे वाटते. फाइल एकटी चालवली की त्या वर्गातल्या सगळ्याच चाचण्या एकाच कारणाने पडलेल्या दिसतात, आणि जुन्या आवृत्तीत तीच फाइल एकटी चालवली की सगळ्या पास होतात. हा चार धावांमधला पहिला प्रकार : नियम बदलला, मेथडचे नाव बदला.

तिसरा बदल फाइल मागण्याच्या रीतीचा. पायथॉनच्या पॅकेजमध्ये ‘इनिट’ नावाची एक खास फाइल असते. पूर्वी कमांडपुढे या फाइलचा मार्ग दिला, तर पायटेस्ट ते सगळे पॅकेज चालवत असे. आठव्या आवृत्तीपासून तेवढी एकच फाइल घेतली जाते, आणि पॅकेज हवे असेल तर फोल्डरचा मार्ग द्यावा लागतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये ती सवय राहून गेली असेल, तर एरर न येता चाचण्यांची संख्या मात्र घटते.

याखेरीज दोन गोष्टी कोणत्याही आवृत्तीत गोंधळ घालतात. वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन चाचणी-फाइली असल्या आणि त्या फोल्डरांत इनिट फाइल नसली, तर प्रत्येकी एकटी चालते, पण एकत्र चालवताना नावांची टक्कर होऊन एरर येते. फाइलींना वेगळी नावे देणे हा सरळ उपाय. २०२० साली ६.० मध्ये आलेली ‘इम्पोर्टलिब’ ही वाचण्याची पद्धत वापरली तरी ही टक्कर टळते. दुसरी गोष्ट म्हणजे कमांड देण्याची रीत. नुसते ‘पायटेस्ट’ म्हटले तर चालू फोल्डर पायथॉनच्या शोधमार्गात येतेच असे नाही. पायथॉनला पायटेस्ट हे मॉड्यूल चालव असे सांगितले, तर ते येते. त्यामुळे एकाच्या संगणकावर मॉड्यूल सापडते आणि दुसऱ्याच्या संगणकावर सापडत नाही. ७.० मध्ये आलेली ‘पायथॉनपाथ’ ही सेटिंग प्रकल्पात लिहून ठेवली की हा फरक मिटतो.

जेयुनिट, आरस्पेक आणि इतर

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जेयुनिट ५ ने जुन्या जेयुनिटचे तीन भाग केले : चाचण्या चालवणारा प्लॅटफॉर्म, नव्या पद्धतीच्या चाचण्यांसाठी ज्युपिटर आणि जुन्या चाचण्यांसाठी व्हिंटेज. ‘टेस्ट’ या खुणेचे, म्हणजे ॲनोटेशनचे, नाव तेच राहिले, पण ती येते ते पॅकेज बदलले. तयारीच्या मेथडवरची ‘बिफोर’ ही खूण ‘बिफोरइच’ झाली. स्थलांतर करताना एखाद्या फाइलीत ‘टेस्ट’ नव्या पॅकेजमधून आणि ‘बिफोर’ जुन्या पॅकेजमधून राहून गेली, तर कोड विनातक्रार कंपाइल होतो. पण ज्युपिटर ‘बिफोर’ला ओळखत नाही, तयारी होत नाही आणि चाचणी नल पॉइंटरच्या अपवादाने पडते. नोजच्या ‘सेटअप’चीच ही जावातली आवृत्ती.

रूबीमध्ये २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आरस्पेक २ आले आणि चाचण्या चालवण्याची कमांडच ‘स्पेक’ऐवजी ‘आरस्पेक’ झाली. एकेक फाइल चालवण्यासाठी एडिटरमध्ये बसवलेले शॉर्टकट आणि स्क्रिप्ट सगळे बदलावे लागले. २०१४ साली आरस्पेक ३ ने रेल्स या वेब-फ्रेमवर्कवरच्या प्रकल्पांसाठी मदतफाइलींची विभागणी केली. रेल्सशिवाय चालणाऱ्या चाचण्यांसाठी ‘स्पेक_हेल्पर’ आणि रेल्स लागणाऱ्या चाचण्यांसाठी ‘रेल्स_हेल्पर’. साध्या रूबी वर्गाची एक चाचणी चालवण्यासाठी अख्खे रेल्स उभे राहण्याची वाट पाहावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण रेल्स लागणारी एखादी फाइल अजून नुसते ‘स्पेक_हेल्पर’च मागवत असेल, तर ती एकटी चालवताना वर्गाचे नावच सापडत नाही. पूर्ण संचात मात्र वर्णक्रमाने आधी येणाऱ्या कंट्रोलरच्या चाचण्या ‘रेल्स_हेल्पर’ आणतात आणि मागून येणाऱ्या मॉडेलच्या चाचण्या बिनबोभाट पास होतात. पायथॉनच्या ई-मेल मॉड्यूलसारखीच ही उसनवारी.

जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये प्रत्येक चाचणी-फाइलला मॉड्यूलांची स्वतंत्र नोंदवही मिळते, त्यामुळे फाइलींमधली अशी उसनवारी बरीच कमी होते. तिथे घोटाळा होतो तो नाव देण्यात. जेस्टच्या कमांडपुढे दिलेला मजकूर हा मार्ग नसून शोधाचा नमुना मानला जातो. त्यामुळे छोटे नाव दिले तर ते ज्या ज्या मार्गात बसते त्या सगळ्या फाइली चालतात. नेमका मार्ग मानायला लावणारा पर्याय वेगळा आहे. २०२५ साली आलेल्या जेस्ट ३० मध्ये नमुना देण्याच्या पर्यायाचे नाव एकवचनाऐवजी अनेकवचनी झाले, आणि जुन्या नावावर बेतलेल्या स्क्रिप्ट अडल्या. पीएचपी भाषेसाठीच्या पीएचपीयुनिटच्या सहाव्या आवृत्तीत, २०१७ साली, चाचणीच्या मूळ वर्गाचे जुने नाव जाऊन नेमस्पेसचे नाव आले. तो बदल इतका सरळ आहे की कोणतीही एक फाइल चालवताच कळतो.

शून्य चाचण्यांचा धोका

नापास चाचणी निदान दिसते तरी. चाचणी चाललीच नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. जावाच्या मेव्हन या बिल्ड-साधनात चाचण्या चालवणाऱ्या शुअरफायर या प्लगइनला जेयुनिट ५ चा अंगभूत आधार २०१८ साली, २.२२.० या आवृत्तीत मिळाला. प्लगइन त्याहून जुने ठेवून चाचण्या तेवढ्या ज्युपिटरच्या केल्या आणि जोडणीची वेगळी व्यवस्था केली नाही, तर पूर्ण बिल्डमध्ये ‘चाललेल्या चाचण्या : शून्य’ असे दिसते आणि बिल्ड यशस्वी ठरतो. एका वर्गाचे नाव देऊन चालवले, तर मात्र मागितलेली एकही चाचणी चालली नाही म्हणून तेच प्लगइन बिल्ड नापास करते. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड-साधनाच्या जुन्या आवृत्त्यांतही जेयुनिट प्लॅटफॉर्म वापरण्याची ओळ विसरली की असेच होते. पूर्ण काम शांतपणे पार पडते आणि एका चाचणीचे नाव दिले की ती सापडत नसल्याची तक्रार येते. पूर्ण संचाने गिळलेली चूक इथेही एकट्या फाइलने सांगितली.

पायटेस्ट निकालासोबत एक अंक परत देते. सगळे पास असेल तर ०, काही नापास असेल तर १, मध्येच थांबले तर २, अंतर्गत बिघाडाला ३, कमांड चुकीची असेल किंवा दिलेली फाइलच नसेल तर ४, आणि एकही चाचणी सापडली नाही तर ५. पायथॉनच्या स्वतःच्या युनिटटेस्टनेही २०२३ सालच्या ३.१२ आवृत्तीपासून शून्य चाचण्यांसाठी ५ हाच अंक देणे सुरू केले. स्वयंचलित यंत्रणेत ४ आणि ५ यांना कधीही यश मानू नये.

उलट प्रकारची फसगत कव्हरेजमुळे होते. निदान अमुक टक्के कोड चाचण्यांखाली आला पाहिजे, अशी अट प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये असेल, तर एक फाइल चालवताना ती अट सहसा पूर्ण होत नाही. चाचण्या पास होऊनही कमांड नापास ठरते. एकेक फाइल तपासताना कव्हरेजचे मोजमाप बंद ठेवावे आणि ते पूर्ण संचासाठी राखून ठेवावे.

तपासणीची पद्धत

आवृत्ती बदलण्याआधी जुन्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर थांबावे. पायटेस्टच्या बाबतीत आठकडे जाण्याआधी ७.४. पुढच्या आवृत्तीत काय जाणार आहे, याच्या सूचना ती आवृत्ती आपणहून देते. ८.० मध्ये त्यांतल्या बऱ्याच सूचनांच्या एरर होतात. त्या आधी मिटवल्या तर निम्मे काम तिथेच होते. त्यासोबत चाचण्या न चालवता फक्त यादी दाखवणारा पर्याय वापरून यादी साठवून ठेवावी, आणि प्रत्येक फाइल एकटी चालवून तिचा निकाल नोंदवावा. हे काम छोट्या स्क्रिप्टने होते.

नवी आवृत्ती बसवल्यावर पहिले काम याद्या ताडून पाहण्याचे. चाचण्यांची संख्या घटली असेल, तर निकाल पाहण्यात अर्थ नाही. आधी हरवलेल्या चाचण्या शोधायच्या. याद्या जुळल्या की नापास झालेल्या फाइली एकेक करून घ्यायच्या आणि चार धावांच्या आधारे त्यांची वर्गवारी करायची. नियम बदलल्यामुळे पडलेल्या फाइली सहसा एकाच दुरुस्तीने गठ्ठ्याने सुटतात, म्हणून त्या आधी घ्याव्यात. ठिसूळ फाइलींना त्यांची तयारी त्यांच्यातच द्यावी.

एकटी पास आणि संचात नापास होणारी फाइल सर्वांत जास्त वेळ खाते, कारण दोषी फाइल दुसरी असते. तिथे अर्धे करत जाण्याची रीत उपयोगी पडते. नापास होणाऱ्या फाइलच्या आधी चालणाऱ्या फाइलींचे दोन गट करायचे आणि एकेक गट तिच्यासोबत चालवायचा. ज्या गटासोबत ती पडते, त्याचे पुन्हा दोन गट. दोषी फाइल एकच असेल तर दोनशे फाइलींतून ती गाठायला आठ फेऱ्या पुरतात. आरस्पेकमध्ये २०१५ सालच्या ३.३ आवृत्तीपासून हे काम करणारा ‘बायसेक्ट’ नावाचा पर्यायच आहे. दोषी सापडली की तिने बदललेली गोष्ट तिनेच पूर्ववत करून ठेवावी, अशी दुरुस्ती करायची. बळी पडलेल्या चाचणीत उगाच जास्तीची साफसफाई घातली, तर पुढचा बळी दुसराच कुणी होतो.

छोट्या अडचणींनीही वेळ जातो. एकाच चाचणीला अनेक मूल्ये देऊन चालवले की पायटेस्ट तिच्या नावात चौकटी कंस घालते. मॅकवर २०१९ पासून नेहमीची शेल झेडशेल आहे, आणि ती या कंसांचा वेगळा अर्थ लावून चाचणी सापडत नाही म्हणते. सगळे नाव अवतरणचिन्हांत दिले की काम होते. फाइलींची नावे किंवा जागा बदलल्यावर जुन्या कंपाइल केलेल्या फाइली मागे राहतात आणि नावांची खोटी टक्कर दाखवतात. त्या पुसून टाकाव्यात.

शेवटी पूर्ण संच एकदा नेहमीच्या क्रमाने आणि एकदा उलटसुलट क्रमाने चालवावा. पायटेस्टसाठी क्रम पिसणारी प्लगइन मिळतात, आरस्पेक आणि जेयुनिट ५ यांत ती सोय आतच आहे. प्रत्येक फाइल एकटी पास होते, कोणत्याही क्रमात पास होते आणि चाचण्यांची संख्या आधीइतकीच आहे, या तिन्ही गोष्टी जमल्या की आवृत्तीचा बदल खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. मग फ्रेमवर्कने पुढे क्रम पुन्हा बदलला तरी त्या संचातली कोणतीही फाइल दुसरीच्या आधारावाचून अडून राहत नाही.